भायखळ्याचे रूळ, रस्ते आणि छायाचित्रांची साक्ष

मुंबईच्या रेल्वे वारशाचा विषय निघाला की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट डोळ्यांपुढे उभा राहतो आणि या वारशाची बहुतेक छायाचित्रेही त्याच घुमटापाशी येऊन थांबतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आखलेली ही इमारत १८७८ ते १८८७ या काळात उभी राहिली, २००४ मध्ये तिचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आणि तिची असंख्य चित्रे जगभर पोहोचली. परंतु ज्या लोहमार्गाचे ती प्रवेशद्वार आहे, तो मार्ग तिच्या पूर्ततेच्या ३४ वर्षे आधीपासून वाहता होता. त्या मार्गाच्या आरंभीच्या खुणा पाहायच्या असतील, आणि त्या मार्गाने भोवतालच्या रस्त्यांना, बाजारांना व वस्त्यांना कसे वळण लावले हे समजून घ्यायचे असेल, तर टर्मिनसहून लोकलने तिसऱ्या स्थानकावर, म्हणजे भायखळ्याला, उतरणे अधिक फलदायी ठरते.

भायखळा आज मुंबईच्या ऐन पोटात मोडतो, त्यामुळे त्याला उपनगर म्हणणे अनेकांना खटकेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र मुंबई शहर म्हणजे तटबंदीच्या आतला कोट आणि त्याला लागून असलेली दाट देशी वस्ती एवढेच होते, आणि तटाबाहेर उत्तरेला, बागा व मोकळ्या मैदानांच्या आधाराने वाढलेले भायखळा हे त्या शहराचे खरेखुरे उपनगर होते. युरोपीय अधिकाऱ्यांचे व धनिक पारशी कुटुंबांचे बंगले येथे होते, १८३३ मध्ये स्थापन झालेला भायखळा क्लब येथे होता आणि महालक्ष्मीचे शर्यतींचे मैदान तयार होईपर्यंत घोड्यांच्या शर्यतीही येथेच भरत. १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभाई रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय याच परिसरात सुरू झाले. त्यानंतर रेल्वे आली, तिच्यामागोमाग कारखाने व कापडगिरण्या आल्या, गिरण्यांबरोबर चाळी आल्या आणि बंगलेवाल्या मंडळींनी मलबार हिलची वाट धरली. एकाच पिढीच्या आयुष्यात हवापालटाच्या जागेचे श्रमिकांच्या वस्तीत झालेले हे रूपांतर मुंबईच्या सामाजिक इतिहासातील अत्यंत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि योगायोग असा की नेमक्या याच काळात मुंबईत छायाचित्रणकलेनेही पाय रोवले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजेच त्या काळच्या भाषेत जी.आय.पी., ही कंपनी १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने अस्तित्वात आली. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी तिच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता आणि जेम्स जॉन बर्कली हे तिचे मुख्य अभियंता होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या पहिल्या प्रवासी गाडीला १४ डबे होते, त्यांत सुमारे ४०० निमंत्रित बसले होते, आणि साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने तिला जोडलेली होती, ही माहिती शालेय पुस्तकांतूनही येते. तुलनेने कमी परिचित असलेली गोष्ट अशी की त्याआधी वर्षभर, १८५२ मध्ये, रूळ टाकण्याच्या कामासाठी आणलेले एक लहान इंजिन भायखळ्याच्या परिसरात डबे ओढत होते आणि लोक ते पाहायला गर्दी करत होते. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचेच नाव त्या इंजिनाला दिलेले होते. याच गव्हर्नरच्या नावाचा फॉकलंड रोड पुढे पठ्ठे बापूराव मार्ग झाला. इंजिनाचा मात्र आज मागमूस नाही. १८५४ मध्ये कंपनीने इंजिनांच्या दुरुस्तीची कार्यशाळा भायखळ्यात उभारली, ती १८७९ मध्ये परळला हलवली गेली, आणि परळची ती कार्यशाळा पुढे गिरणगावातील कामगारजीवनाचा एक कणा बनली.

१८५४ हेच वर्ष छायाचित्रणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, कारण त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. या संस्थेत ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीय सभासद होते. दोघेही ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा व्यावसायिक छायाचित्रकार घडला. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन या जोडीने १८५६ पासून मुंबईतील स्थळांची व माणसांची छायाचित्रे मासिक स्वरूपात प्रसिद्ध केली. कॅमेरा हे केवळ राज्यकर्त्यांच्या हातातले साधन होते, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. संस्थेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच मराठी माणसाने ते हाताळले होते, आणि ज्यांच्या नावाने १९७५ पासून राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय ओळखले जाते त्या भाऊ दाजींचे घरच या कलेशी जोडलेले होते. १८७२ मध्ये भायखळ्यात खुल्या झालेल्या या संग्रहालयाच्या स्थापनेमागे भाऊ दाजींप्रमाणेच जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेटही होते, म्हणजे रेल्वे आणणारे व इतिहासाच्या वस्तू जपू पाहणारे हात काही प्रमाणात एकच होते, ही बाब आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे.

या काळातील छायाचित्रे वाचताना त्यांच्या तंत्राचे भान नसेल तर मोठी फसगत होते. त्या वेळी प्रचलित असलेल्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत काचेच्या तुकड्यावर कोलोडिऑन नावाचा चिकट द्राव पसरावा लागे, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून प्रकाशसंवेदी करावी लागे, आणि पट्टी ओली असतानाच चित्र टिपून ते अंधाऱ्या खोलीत किंवा तंबूत धुवावे लागे. मुंबईच्या उन्हाळ्यात ही पट्टी लवकर सुके, त्यामुळे छायाचित्रकाराला आपली अंधारी खोली, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काचांची पेटी हे सगळे बिऱ्हाड पाठीवर घेऊनच रस्त्यावर उतरावे लागे. काचेवरून कागदावर प्रत काढण्यासाठी अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद वापरत. जुन्या छायाचित्रांना दिसणारी तपकिरी-पिवळी झाक बरीचशी या कागदाची आहे. पट्टीवर प्रकाश पडू द्यायचा कालावधी कित्येक सेकंदांचा असल्याने जे स्थिर होते तेवढेच स्पष्ट उमटे, आणि जे चालत होते ते धुरकट होई किंवा पूर्णपणे नाहीसे होई. याचे जगप्रसिद्ध उदाहरण पॅरिसचे आहे. लुई दागेर यांनी १८३८ मध्ये टिपलेल्या तेथील एका वर्दळीच्या हमरस्त्यावर वाहने नाहीत, गर्दी नाही, फक्त बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक माणूस तेवढा दिसतो. मुंबईच्या १८५० व १८६० च्या दशकांतील रस्त्यांच्या चित्रांत जी शांतता भासते, तिच्यावरून जुनी मुंबई निवांत व रिकामी होती असे हळहळत म्हणणारे लेख वारंवार वाचायला मिळतात. त्या निवांतपणाचा मोठा वाटा काचेच्या मंदपणाचा आहे, शहराचा नव्हे.

रेल्वेच्या चित्रांवरही हीच मर्यादा पडली. धावती गाडी टिपणे शक्य नव्हते, म्हणून उभी इंजिने, अर्धवट बांधलेले पूल, बोगद्यांची तोंडे आणि कॅमेऱ्यासाठी ओळीने उभे केलेले कर्मचारी हे रेल्वे छायाचित्रणाचे आरंभीचे विषय झाले. बोरघाटाच्या बांधकामाची छायाचित्रे या परंपरेतील अत्यंत मोलाची आहेत. या कामाचा ठेका घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच काही दिवसांत आजाराने मरण पावले, त्यानंतर त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका स्वतःकडे घेतला, अनुभवी अभियंत्यांकरवी काम पूर्ण करवून घेतले आणि १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला. या बांधकामाच्या छायाचित्रांचा संग्रह त्यांच्याच नावाशी निगडित आहे. अशा चित्रांत कड्याच्या पायथ्याशी किंवा कमानीखाली एखादा मजूर बहुधा उभा केलेला असतो. त्याचे प्रयोजन एवढेच की पाहणाऱ्याला बांधकामाच्या उंचीचा अंदाज यावा. ज्या हजारो माणसांनी हे डोंगर फोडले, आणि ज्यांतील असंख्य पटकी व तापाने दगावली, त्यांची चित्रांतली जागा मोजपट्टीची होती, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. आजच्या वाचकाने अशा चित्रात आधी त्या माणसाकडे पाहावे, त्याचे मुंडासे, त्याच्या हातातील पहार, त्याच्या उघड्या पायांखालची खडी पाहावी, आणि मग कमानीकडे वळावे.

१८७० नंतर कोरड्या काचपट्टीचा शोध लागला, उघडझाप करण्याचा वेग वाढला आणि रस्त्यावरची माणसे चित्रांत परत आली. शतकाच्या अखेरीस चित्र छापलेली पोस्टकार्डे निघू लागली. मुंबईतील क्लिफ्टन आणि कंपनीसारख्या व्यावसायिकांनी शहरातील रस्ते, स्थानके, देवळे, बाजार यांची कार्डे मोठ्या प्रमाणावर विकली. या कार्डांतील रंग बहुधा मूळ छायाचित्रात नसत. छापखान्यातला कारागीर आपल्या अंदाजाने आकाशाला निळा व पगडीला तांबडा रंग देत असे. म्हणून इमारतीचा मूळ रंग ठरवण्यासाठी पोस्टकार्डाचा आधार घेणे धोक्याचे असते, मात्र खिडक्यांची संख्या, छपराचा उतार, दुकानांच्या पाट्या व फलाटाची लांबी यांबाबत तेच कार्ड विश्वासार्ह ठरू शकते.

याच सुमारास छायाचित्राकडे प्रशासनाचेही लक्ष गेले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्रेक झाला, आणि पुढील काही महिन्यांत रुग्णालये, तपासणीची पथके, धुऊन काढलेली घरे यांची छायाचित्रे पद्धतशीरपणे काढली गेली. भायखळ्याचा या प्रकरणाशी अतिशय निकटचा संबंध आहे, कारण वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. प्लेगच्या धक्क्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे शहर सुधारणेसाठी नेमलेले मंडळ, स्थापन झाले. त्याने दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते आखले आणि आग्रीपाडा, नागपाडा, माझगाव या भागांत बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, चाळी बांधल्या. आज भायखळ्याच्या आसपास सरळ रेषेत जाणारे जे रस्ते व एकसारख्या गॅलऱ्यांच्या ज्या चाळी छायाचित्रांत इतक्या देखण्या दिसतात, त्यांच्यामागे साथीची भीती व सक्तीचे स्थलांतर आहे.

जुने छायाचित्र हाती आले आणि त्यावर काहीच लिहिलेले नसले, तर त्याचा काळ ठरवायचा कसा? याचे उत्तर बहुधा चित्राच्या मुख्य विषयात नसते, कडेला असते. मुंबईत घोड्यांची ट्राम मे १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची ट्राम मे १९०७ मध्ये आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. म्हणजे रस्त्यात ट्रामचे रूळ दिसत असतील पण वर तार नसेल तर चित्र बहुधा १९०७ पूर्वीचे, रूळ व तार दोन्ही असतील तर त्यानंतरचे. लोहमार्गाबाबत अशीच कसोटी विद्युतीकरणाची आहे. भारतातील पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने धावली, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मुख्य मार्गावरही कल्याणपर्यंत तारा आल्या. भायखळ्याच्या फलाटाच्या चित्रात डोक्यावर ओव्हरहेड वायर नसेल तर ते त्या आधीचे, हे जवळपास निश्चितपणे सांगता येते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दीर्घकाळ १५०० व्होल्ट एकदिश प्रवाह होता आणि मध्य रेल्वेवर त्याचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर २०१६ मध्ये पूर्ण झाले. या बदलाबरोबर तारांचे खांब, त्यांवरील विद्युतरोधक आणि जुन्या पुलांखालची उंची हे सगळेच बदलले, त्यामुळे अगदी अलीकडच्या चित्रांचाही काळ त्यावरून लावता येतो.

नावांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. जुन्या कार्डांवर परळ रोड लिहिलेले असते तो बहुतांशी आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग, क्लेअर रोड म्हणजे मिर्झा गालिब मार्ग, व्हिक्टोरिया रोड म्हणजे संत सावता मार्ग, बेलासिस रोड म्हणजे जहांगीर बोमन बेहराम मार्ग. नावे बदलली म्हणून रस्ता हलत नाही, पण चित्राखालची ओळ वाचणारा नातू त्या रस्त्यापर्यंत पोहोचू शकत नाही. स्थानकांच्या पाट्यांचेही तसेच आहे. व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव १९९६ मध्ये बदलले, आणि जुलै २०२४ मध्ये करी रोडचे लालबाग, सँडहर्स्ट रोडचे डोंगरी, डॉकयार्ड रोडचे माझगाव अशा सात स्थानकांच्या नामांतराचा ठराव राज्य विधिमंडळाने मंजूर केला. त्यामुळे या स्थानकांच्या आजच्या पाट्यांची साधी मोबाइल चित्रेही उद्याची कालदर्शक साधने ठरणार आहेत.

प्रत्यक्ष उदाहरण म्हणून खडा पारशी हा भायखळ्याचा पुतळा घेता येईल. माणेकजी कर्सेटजी या समाजसुधारक न्यायाधीशांनी आपले वडील कर्सेटजी माणेकजी यांच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उभारला. उंच बिडाचा स्तंभ, त्याच्या माथ्यावर पारशी पोशाखातील उभी आकृती आणि पायथ्याशी दिवे धरलेल्या मत्स्यकन्या अशी त्याची रचना आहे, आणि त्याचे ओतकाम इंग्लंडमधील कोलब्रुकडेलच्या प्रसिद्ध कारखान्यात झाले. मोकळ्या चौकात हा स्तंभ उभा होता तेव्हा छायाचित्रकाराला खालून वर पाहावे लागे आणि पुतळा आभाळात एकटा दिसे. पुढे उड्डाणपुलाच्या दोन बाहूंनी त्याला दोन्ही बाजूंनी वेढले. आज पुलावरून जाणाऱ्या बसमधील प्रवाशाला तो बराच जवळून दिसतो, खालून चालणाऱ्याला मात्र पुलाच्या कठड्याआड अर्धाच दिसतो, आणि मत्स्यकन्या तर शोधाव्याच लागतात. २०१४ मध्ये महापालिकेने त्याची दुरुस्ती व स्वच्छता करून घेतली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण पुतळा जागचा न हलताही त्याच्याकडे पाहण्याची जागा कशी नाहीशी होते, हे दोन काळांतील दोन छायाचित्रे शेजारी ठेवल्याखेरीज शब्दांत पटवणे कठीण आहे.

भायखळा स्थानकाची कथा याहून आशादायक आहे. आरंभीचे स्थानक लाकडी होते आणि त्याच्या जागी १८५७ मध्ये दगडी इमारत उभी राहिली. म्हणजे स्टीव्हन्सच्या भव्य टर्मिनसपेक्षा ती ३० वर्षांनी जुनी आहे. दीड शतकाच्या वापरात दगडावर तैलरंगाचे थर चढले, कमानींतून पाण्याचे नळ व विजेच्या तारा नेल्या गेल्या, खिडक्या बुजल्या, पत्र्यांची जोडकामे आली आणि रोज लाखोंच्या संख्येने ये-जा करणाऱ्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांना आपण कोणत्या इमारतीतून जातो आहोत याची जाणीव राहिली. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली, खासगी संस्था व देणगीदारांच्या आर्थिक साहाय्याने, २०१९ पासून तिचे जतनकाम झाले आणि एप्रिल २०२२ मध्ये ते पूर्ण झाले; त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा पुरस्कारांत या कामाला गुणवत्ता पुरस्कार मिळाला. गाड्यांची वाहतूक क्षणभरही न थांबवता केलेले हे काम आहे, आणि म्हणूनच रिकाम्या राजवाड्याच्या डागडुजीपेक्षा त्याचे मोल अधिक मानायला हवे.

या स्थानकाचे छायाचित्र घ्यायचे तर कॅमेरा दर्शनी भागावर रोखून समाधान मानणे योग्य नव्हे. फलाटावरच्या छपराला आधार देणारे खांब, त्यांच्या माथ्याचे नक्षीकाम, आडव्या तुळयांना जोडणारे रिव्हेट, म्हणजे तापवून ठोकून बसवलेल्या लोखंडी खिळ्यांच्या गोल टोप्या, तिकीट खिडकीच्या चौकटी, दगडी पायऱ्यांच्या मधोमध झिजून पडलेले खळगे, या सर्वांची जवळून नोंद व्हायला हवी, कारण बांधकामाचा काळ व बदल यांचा पुरावा अशाच ठिकाणी असतो. शेजारच्या सँडहर्स्ट रोड स्थानकाच्या लोखंडी खांबांवर जी.आय.पी.आर., १९२१ ही वर्षखूण आणि ग्लासगोचे नाव ओतलेले आहे. हार्बर मार्गाच्या उभारणीसाठी हे खांब समुद्रमार्गे आणले गेले, एवढा इतिहास त्या चार उंचवट्याच्या अक्षरांत सामावलेला आहे, आणि दर काही वर्षांनी त्यांवर चढणारा रंगाचा जाड थर ती अक्षरे हळूहळू बुजवतो आहे. तिरप्या उजेडात, सकाळी किंवा सायंकाळी, घेतलेल्या चित्रात असा लेख स्पष्ट उमटतो. समोरून झोत टाकला तर तो सपाट होऊन नाहीसा होतो.

अशा नोंदींची निकड किती आहे हे पुलांच्या उदाहरणावरून दिसते. सँडहर्स्ट रोडजवळचा, १८७९ मधील हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडण्यात आला आणि मशीद बंदरचा, १८६८ मधील कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये. दोन्ही पूल धोकादायक झालेले होते, त्यांच्या जागी नवे पूल हवेच होते, आणि केवळ जुने म्हणून ते राखावेत असा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता. परंतु पूल पाडण्याआधी त्याच्या प्रत्येक कमानीचे, सांध्याचे व वर्षखुणेचे मोजमापासह छायाचित्रण करून ते सार्वजनिक संग्रहात ठेवणे हा कामाचाच एक भाग मानला गेला पाहिजे. पाडकामाच्या रात्री वृत्तपत्रांनी काढलेली चित्रे क्रेनची असतात, पुलाची नसतात.

रस्त्यांच्या छायाचित्रणात अडचण निराळ्या प्रकारची आहे, कारण तेथे माणसे असतात. अमेरिकी छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस फॉकलंड रोडवरील वेश्यावस्तीत दीर्घकाळ राबून टिपलेली रंगीत छायाचित्रे १९८१ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि जगभर गाजली. त्या चित्रांतील जिव्हाळा नाकारता येत नाही, तरीही ज्यांचे चेहरे त्यांत कायमचे छापले गेले त्यांना त्या प्रसिद्धीची कल्पना कितपत होती, हा प्रश्न उरतोच. याच्या दुसऱ्या बाजूला मुंबईतील सफाई कामगारांच्या जीवनाची वर्षानुवर्षे नोंद करणाऱ्या सुधारक ओलवे यांचे काम आहे, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतला कामगार केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही, तो चित्राचा धनी असतो. भायखळ्याच्या भाजीबाजारातील पहाट, रेल्वे पुलाखालचे कारागीर, पाट्या उतरवणारे हमाल यांची चित्रे घेणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा, विचारून चित्र घ्यावे आणि शक्य तेथे त्याची एक प्रत त्या माणसाला द्यावी. रेल्वेच्या हद्दीत नियम अधिक काटेकोर आहेत. व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वे प्रशासनाची परवानगी लागते, आणि रुळांवर विनापरवाना जाणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. पादचारी पूल व रस्त्यावरील पूल यांवरून मुख्य मार्गाची उत्तम दृश्ये मिळतात, तेव्हा जीव धोक्यात घालून रुळांत उतरण्याचे काहीच कारण नाही.

जुन्या चित्राची जागा शोधून, तेथेच उभे राहून, त्याच कोनातून नवे चित्र घेणे, या पद्धतीला पुनर्छायाचित्रण म्हणतात आणि उपनगराचा इतिहास लिहिण्यासाठी तिच्याइतके सोपे व खात्रीचे साधन क्वचितच असेल. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. जुन्या चित्रातील दोन स्थिर वस्तू, उदाहरणार्थ चर्चचा मनोरा व पुलाचा कठडा, एकमेकांच्या संदर्भात कोठे येतात ते पाहून उभे राहण्याची जागा नक्की करता येते. चित्राबरोबर तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा आणि कॅमेऱ्याची दिशा या चार गोष्टी नोंदवल्या नाहीत तर ते चित्र सुंदर असूनही पुरावा म्हणून दुबळे राहते.

या कामासाठी लागणारी बरीच सामग्री सरकारी दप्तरांत नाही, घराघरांत आहे. मध्य रेल्वेच्या भायखळ्यातील छापखान्यात, रुग्णालयात, परळ व माटुंग्याच्या कार्यशाळांत नोकरी केलेल्या कुटुंबांकडे निवृत्तीच्या दिवशी इंजिनापुढे हार घालून काढलेली, रेल्वे चाळीच्या गच्चीवरची, दसऱ्याला झेंडूच्या माळांनी सजवलेल्या यंत्रांपुढची चित्रे असतात, आणि त्यांच्या पार्श्वभूमीत आता अस्तित्वात नसलेले दिवे, सिग्नल, भिंती व पाट्या सहज येऊन गेलेल्या असतात. मुंबईच्या दमट हवेत अशा चित्रांना बुरशी लागते, चकचकीत प्रती काचेला चिकटतात आणि चिकट पानांचे आल्बम त्यांचा रंग खातात. म्हणून ती आल्बममधून अलगद सोडवून साध्या, आम्लरहित कागदाच्या पाकिटात कोरड्या जागी ठेवावीत, किमान ६०० डीपीआय इतक्या सूक्ष्मतेने त्यांची संगणकीय प्रत करावी, आणि घरातील वडीलधारी माणसे सांगू शकतात तोवर चित्रातील माणसे, जागा व वर्ष विचारून घेऊन प्रत्येक चित्राच्या मागे, कडेला, शाईने नव्हे तर मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवावे.